डँडेलियनच्या पानांचा अर्क: कसा काढायचा, किती घ्यायचा, कुणी टाळायचा

डँडेलियन या पिवळ्या फुलांच्या रानझाडाचा अर्क घ्यायचा विचार असेल तर बाटली उघडण्याआधी तीन प्रश्न विचारा. अर्क झाडाच्या कुठल्या भागाचा आहे? तो कशात काढलाय, पाण्यात की अल्कोहोलमध्ये? आणि किती पानांपासून किती अर्क केलाय? ही तीन उत्तरं हातात नसतील तर लेबलावरचा ‘५०० मिलिग्रॅम’ हा आकडा आपल्याला काहीही सांगत नाही. पाण्यात काढलेला पानाचा अर्क वेगळा, अल्कोहोलमधला वेगळा, आणि मुळाचा तर साफच वेगळा. गुण त्या त्या अर्काचे असतात, ‘डँडेलियन’ या नावाचे नाहीत.

मी फार्मसी शिकले कराडला. आता जर्मनीच्या दक्षिणेला, श्वाबियन आल्बच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी एका औषधाच्या दुकानात काम करते. एप्रिलमध्ये इथली सफरचंदाच्या झाडांखालची कुरणं डँडेलियनच्या फुलांनी पिवळीधमक होतात आणि दुकानात विचारणा सुरू होते. मराठी मंडळात पाडव्याला भेटलेल्या बायकाही हेच विचारतात, कारण अंगणात हे ‘तण’ उगवलेलं असतं आणि फोनवर त्याच्या चमत्कारांचे निरोप आलेले असतात. सगळ्यांना एकत्रच, नीट सांगावं म्हणून हे लिहितेय.

पान काय करतं

डँडेलियन, शास्त्रीय नाव टॅरॅक्सॅकम ऑफिसिनेल, हे शेवंती आणि सूर्यफुलाच्या कुळातलं झाड. मुळात इन्युलिन नावाचं पिष्टासारखं द्रव्य साठतं. मूळ भाजून त्याची कॉफीही करतात. पानाचा कारभार निराळा. त्यात पोटॅशियम भरपूर, शिवाय चिकोरिक आम्ल, ल्युटिओलिनची संयुगं आणि कडू चव देणारी सेस्क्विटर्पीन लॅक्टोन. १०० ग्रॅम ताज्या पानांत साधारण ४०० मिलिग्रॅम पोटॅशियम, १८७ मिलिग्रॅम कॅल्शियम, ३ मिलिग्रॅम लोह आणि तब्बल ७७८ मायक्रोग्रॅम के जीवनसत्त्व असतं. यातले पोटॅशियम आणि के जीवनसत्त्वाचे आकडे लक्षात ठेवा, पुढे कामाला येतील.

पानाचा सगळ्यात जुना आणि सगळ्यात तपासलेला उपयोग म्हणजे लघवी वाढवणं. १९७४ साली ‘प्लांटा मेडिका’ या नियतकालिकात उंदरांवरचं काम आलं. त्यात पानाचा अर्क मुळापेक्षा जास्त प्रभावी ठरला आणि त्याची तुलना फ्युरोसेमाइडशी, म्हणजे आपल्याकडच्या लॅसिक्सशी झाली. तेव्हापासून ‘लॅसिक्सइतकं जोरकस, पण नैसर्गिक’ हे वाक्य फिरतंय. पण त्या उंदरांना दिलेली मात्रा होती किलोमागे २ ग्रॅम सुक्या पाल्याइतकी. सरळ वजनाच्या हिशेबाने ६० किलोच्या माणसाला ती १२० ग्रॅम सुकी पानं होते, म्हणजे पाऊण किलोहून अधिक ताजी भाजी, एका वेळी. एवढं कुणी घेत नाही आणि घेऊही नये.

माणसांवरचा छोटा प्रयोग २००९ साली प्रसिद्ध झाला. १७ जणांना ताज्या पानांचा अल्कोहोलमधला अर्क दिवसातून तीनदा, दर वेळी ८ मिलिलिटर दिला. पहिल्या मात्रेनंतरच्या पाच तासांत लघवीला जाण्याचं प्रमाण वाढलं. दुसऱ्या मात्रेनंतर प्यायलेल्या पाण्याच्या मानाने लघवी वाढली. तिसऱ्या मात्रेने फरक पडला नाही. एकच दिवस, तुलनेला दुसरा गट नाही, सगळे लोक निरोगी. एवढ्यावरून मी म्हणेन की पानाने लघवी थोडी वाढते हे बऱ्यापैकी विश्वासार्ह आहे. ते सौम्य आहे आणि त्याला मर्यादा आहेत.

युरोपियन मेडिसिन्स एजन्सीच्या वनौषधी समितीनेही २००९ मध्येच पानाला मान्यता दिली ती एवढ्यापुरतीच: मूत्रमार्गाच्या किरकोळ तक्रारींत लघवीचं प्रमाण वाढवून मार्ग धुऊन निघावा म्हणून, जोडीचा उपाय. हीसुद्धा ‘पारंपरिक वापर’ या खात्यातली मान्यता आहे. पिढ्यान्‌पिढ्या वापर आहे आणि त्यात मोठा धोका दिसलेला नाही, असा तिचा अर्थ. त्याआधी वनौषधी तपासणाऱ्या जर्मनीच्या ‘कमिशन ई’ या समितीने पानाला भूक मंदावणं, पोट जड वाटणं, गॅस होणं यांसाठी शिफारस दिली होती. तो कडूपणाचा गुण. कडू चव जिभेवर आली की लाळ आणि पाचकरस सुटतात. चैत्रात कडुनिंबाची कोवळी पानं चावणाऱ्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

आता बाकीचे दावे. पॅरासिटामॉलच्या अतिमात्रेने यकृताला होणारी इजा पानाच्या अर्काने कमी झाली, पण उंदरांमध्ये (२०१२). कोलेस्टेरॉल सुधारलं, पण सशांमध्ये (२०१०). फ्रायबुर्ग विद्यापीठात २०२१ मध्ये पानाच्या पाण्यातल्या अर्काने कोरोना विषाणूचं काटेरी प्रथिन पेशींना चिकटणं रोखलं, पण काचेच्या भांड्यात. कॅनडातल्या विंडसर विद्यापीठात कर्करोगाच्या पेशींवर काम झालं ते मुळाच्या अर्कावर, आणि ‘४८ तासांत कॅन्सर खलास’ हा निरोप त्याच कामाच्या विपर्यासातून फिरतो. हे संशोधन खोटं नाही. मला त्याबद्दल आदर आहे. पण त्यातून घरी घ्यायची मात्रा काढता येत नाही, आणि ज्याचा कर्करोगाचा उपचार चालू आहे त्याने तो सोडून मुळाचा काढा उकळत बसावं, ही कल्पनाच मला सहन होत नाही.

कुणी घेऊ नये

कृतीच्या आधी हे वाचा, नंतर नाही.

पित्ताशयात खडे असतील, पित्तनलिका अडलेली किंवा सुजलेली असेल, यकृताचा आजार असेल, पोटात अल्सर चालू असेल, तर घेऊ नका. कडू द्रव्यांनी पित्त वाहतं. वाट अडलेली असताना ते वाहायला लावणं म्हणजे कळ ओढवून घेणं.

मूत्रपिंड कमजोर असेल किंवा हृदयाचा पंप मंदावलेला असेल तर पानातलं पोटॅशियम रक्तात साठू शकतं. मधुमेह असणाऱ्यांनाही युरोपची समिती याच कारणाने सावध करते. हिशेब करून दाखवते. ताज्या पानात सुमारे ८५ टक्के पाणी असतं, म्हणजे १०० ग्रॅम पाल्याची साधारण १५ ग्रॅम सुकी पानं होतात. दिवसाला १२ ग्रॅम सुकी पानं घेतली तर ती ८० ग्रॅम ताज्या पाल्याची झाली, त्यात ३२० मिलिग्रॅम पोटॅशियम. एका केळ्याहून थोडं कमी. निरोगी माणसाला हे किरकोळ. पण सर्वाधिक मात्रा म्हणजे दिवसाला ३० ग्रॅम सुकी पानं घेतली तर हाच आकडा ८०० मिलिग्रॅमवर जातो, आणि डॉक्टरांनी ज्याला शहाळं आणि केळी बंद केलीत त्याला हे चालणार नाही.

टेल्मिसार्टन, रामिप्रिल किंवा स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्यांचंही तेच. या गोळ्या मुळातच पोटॅशियम अंगात धरून ठेवतात. साताऱ्याच्या माझ्या आत्याला पायाच्या सुजेसाठी शेजारणीने डँडेलियनच्या कॅप्सूल सुचवल्या होत्या. मी आधी तिच्या रक्तदाबाच्या गोळीचं पाकीट कॅमेऱ्यापुढे धरायला लावलं. टेल्मिसार्टन आणि अम्लोडिपिन, दोन्ही एकत्र. अम्लोडिपिनने घोट्याला सूज येते हे औषधवाल्या प्रत्येकाला माहीत असतं, आणि ही सूज लघवी वाढवून उतरत नाही. रक्तवाहिन्या सैल झाल्याने पाणी झिरपून ती आलेली असते. "आत्या, कॅप्सूल राहू दे, आधी डॉक्टरांकडे जा आणि ही गोळी दाखव," म्हटलं. डॉक्टरांनी गोळी बदलून दिली, सूज उतरली. पायावर सूज असेल तर कारण शोधल्याशिवाय कुठलाही अर्क नको, हे मी म्हणूनच आग्रहाने सांगते.

रक्त पातळ करणारं वॉरफरिन, असिट्रोम किंवा जर्मनीत दिलं जाणारं मार्कुमार घेत असाल तर के जीवनसत्त्वाचा तो ७७८चा आकडा आठवा. के जीवनसत्त्व पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे चहात ते फारसं उतरत नाही. भाजीत मात्र सगळंच पोटात जातं, आणि एका ताटलीने आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते सांगणारा तपासणीतला आकडा, हलू शकतो. लिथियम घेणाऱ्यांनी लघवी वाढवणाऱ्या सगळ्याच गोष्टींपासून लांब राहावं. आणि मूत्रमार्गाच्या संसर्गावर सिप्रोफ्लॉक्सासिन चालू असेल तर अर्क थांबवा: डँडेलियनच्या चिनी भावंडाच्या अर्काने उंदरांमध्ये या औषधाचं शोषण घटल्याचं दिसलंय.

ॲलर्जीचं आपल्या लोकांना खास सांगायचंय. गाजरगवताने ज्यांच्या अंगावर चट्टे उठतात, खाज सुटते, त्यांनी डँडेलियनपासून दूरच राहावं. दोन्ही एकाच कुळातली, आणि त्रास देणारी द्रव्यंही त्याच सेस्क्विटर्पीन लॅक्टोनच्या घराण्यातली. १९५०च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा नजरेस आलेल्या त्या गवताने देशभर किती शेतकऱ्यांची त्वचा जाळलीय हे सांगायला नको. अशा माणसाने नुसता पाला खुडला तरी चीक लागून हात सुजू शकतात. शेवंतीच्या फुलांनी शिंका येणाऱ्यांनीही जपून.

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका आणि १२ वर्षांखालची मुलं यांना देऊ नका. त्यांच्यावर पुरेसं कामच झालेलं नाही.

ओळखायचं आणि खुडायचं

पानं जमिनीलगत चक्रात बसलेली असतात. खोड वर येत नाही. कडेचे दात मागे, देठाकडे वळलेले. फुलाचा दांडा पोकळ, बिनपानांचा, फांदी नसलेला, आणि दांड्यामागे एकच फूल. कुठेही मोडलं तरी पांढरा चीक येतो. दांड्याला फांद्या फुटल्या असतील किंवा पानं जाड केसाळ असतील तर ते ‘कॅट्स इअर’सारखं दुसरं झाड असतं, ते विषारी नाही, पण आपल्या कामाचं नाही.

खरा धोका वसंतात, फुलं यायच्या आधी. रॅगवर्ट नावाच्या झाडाची कोवळी चक्रंही कुरणात अशीच पसरलेली दिसतात, आणि त्यात यकृत जाळणारी पायरोलिझिडिन अल्कलॉइड असतात. त्याला चीक नसतो. म्हणून माझा नियम: प्रत्येक झुपक्यातलं एक पान देठाशी मोडायचं, पांढरा थेंब दिसला तरच तो झुपका टोपलीत. गप्पा मारत मूठमूठ ओरबाडायचं नाही.

पानं मार्चअखेर ते एप्रिल, कळ्या उमलायच्या आधी घ्यावीत. जागा निवडताना कडक राहा. डँडेलियन जमिनीतले जड धातू इतके ओढून घेतं की प्रदूषण मोजायला शास्त्रज्ञ त्याचाच उपयोग करतात. रस्त्याकडेची, रेल्वेरुळालगतची, जुन्या कारखान्याच्या आवारातली पानं नकोत. गडद हिरवी, हातभर वाढलेली पानं दिसली की मोह होतो, पण तिथे बहुधा शेणाचं पाणी नुकतंच सोडलेलं असतं. डँडेलियनला नत्र फार मानवतं आणि पानात नायट्रेट साठतं. कुत्री फिरवायच्या वाटाही सोडा. जर्मनीत निसर्गसंरक्षण कायद्याच्या ३९व्या कलमाप्रमाणे घरच्यापुरती मूठभर पानं घ्यायला परवानगी आहे, पण संरक्षित क्षेत्रात नाही. कुणाच्या मालकीच्या कुरणात शिरायचं तर विचारून; बहुतेक आजोबा आनंदाने हो म्हणतात.

श्वाबियन आल्बमध्ये आणखी एक गोष्ट आहे: कोल्ह्याचा पट्टकृमी. त्याची अंडी पानांवर असू शकतात आणि माणसाच्या पोटात गेली तर वर्षानुवर्षं यकृतात रोग वाढत राहतो. होतो क्वचितच, पण झाला तर गंभीर. धुण्याने अंडी कमी होतात, पूर्ण जातातच असं नाही, आणि घरच्या फ्रीझरमध्ये ती मरत नाहीत. उष्णतेने मरतात: ६० अंशांच्या वर काही मिनिटांत, उकळत्या पाण्यात लगेच. माझी पहिली पसंती चहाला का, याचं एक कारण हे.

सुकवणं

पानं भरपूर पाण्यात दोनतीनदा धुवा. चक्राच्या पोटात माती बसलेली असते. स्वच्छ फडक्यावर निथळू द्या. मग एकावर एक न येतील अशी पसरून सावलीत, वारा खेळत्या जागी ठेवा. वाळवणयंत्र असेल तर ४० अंशांच्या वर नेऊ नका. उन्हात वाळवली की रंग उडतो आणि त्याबरोबर बरंच काही जातं. पानाचा पातळ भाग लवकर कुरकुरीत होतो आणि आपण फसतो. मधली शीर वाकवून बघा, ती ‘कट्’ करून तुटली पाहिजे. शिरेत ओल राहिली तर बरणीत बुरशी येते, आणि बुरशी आलेली बरणी पूर्ण टाकायची, वरची पानं काढून खालची वापरायची नाहीत. पानं अखंड ठेवा, लागतील तशी चुरा. घट्ट झाकणाच्या बरणीत, अंधारात, पुढच्या वसंतापर्यंत टिकतात. बरणीवर झाडाचं नाव, ‘पान’ हा शब्द, जागा आणि तारीख लिहा.

चहा, म्हणजे आपला फांट

४ ग्रॅम चुरलेली सुकी पानं स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून घ्या. चमच्याचा भरवसा नको; चुरा बारीक की जाड यावर वजन दुपटीने बदलतं. त्यावर १५० मिलिलिटर खळखळ उकळलेलं पाणी ओता, झाकण ठेवा, १० मिनिटांनी गाळा आणि पाला चमच्याने दाबून पिळा. पोटॅशियम, चिकोरिक आम्ल, ल्युटिओलिनची संयुगं आणि कडू द्रव्यंही गरम पाण्यात चांगली उतरतात. आपण पाहतोय तो गुण पाण्यातच येतो, मग अल्कोहोलच्या मागे धावायचं कशाला?

एका वेळी ४ ते १० ग्रॅम, दिवसातून तीनदापर्यंत, ही युरोपच्या समितीने नोंदवलेली मात्रा. मी कुणालाही १० ग्रॅमपासून सुरुवात करू देत नाही. ४ ग्रॅमने सुरू करा, पहिला आठवडा त्याच्या वर जाऊ नका. भूक लागावी म्हणून घेत असाल तर जेवणाआधी अर्धा तास, आणि गूळ-मध न घालता. कडूपणा जिभेला कळला पाहिजे. लघवीसाठी घेत असाल तर वेळ कोणतीही, फक्त शेवटचा कप संध्याकाळी पाचच्या आत, नाहीतर रात्रीची झोप मोडते. दिवसभर पाणी भरपूर प्या. मार्ग धुऊन काढायचा तर धुवायला पाणी हवं, आणि नुसता चहा पिऊन पाणी कमी केलं तर उलटा परिणाम होतो.

दोन आठवडे घेऊन फरक नसेल तर थांबवा. ताप, लघवीत रक्त, कमरेच्या बाजूला दुखणं, थेंबथेंब लघवी, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर. अशा त्रासाला पाला पुरत नाही, बहुधा अँटिबायोटिक लागतं. वारंवार संसर्ग होणाऱ्या बायकांमध्ये अस्वलद्राक्षाच्या (बेअरबेरीच्या) पानांबरोबर डँडेलियन दिल्याचा एक प्रयोग १९९३ साली आला होता. ५७ बायका होत्या. वर्षभरात औषधाच्या गटात एकीलाही पुन्हा संसर्ग झाला नाही, नकली गोळीच्या गटात जवळजवळ चौथ्या हिश्श्याला झाला. उत्साह वाटावा असा आकडा आहे, पण श्रेय दोन वनस्पतींपैकी कुणाचं ते त्यातून वेगळं काढता येत नाही.

अल्कोहोलमधला अर्क

बहुतेकांना हाच हवा असतो, कारण टिकतो आणि थेंबांनी घेता येतो. कृती सोपी आहे, हिशेब समजून घ्या.

अर्क टिकायचा तर त्यात शेवटी २५ टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल राहायला हवं. ताज्या पानांतलं पाणी अल्कोहोल पातळ करतं. १०० ग्रॅम पानांत सुमारे ८५ मिलिलिटर पाणी. त्यावर १०० मिलिलिटर, ४० टक्क्यांची व्होडका ओतली तर ४० मिलिलिटर अल्कोहोल १८५ मिलिलिटरमध्ये पसरलं, म्हणजे जेमतेम २२ टक्के. हे काठावरचं झालं. २०० मिलिलिटर व्होडका घेतली तर ८० मिलिलिटर २८५मध्ये, २८ टक्के. म्हणून ताज्या पानांना वजनाच्या दुप्पट व्होडका. सुकी पानं असतील तर पाण्याचा प्रश्न नाही; १०० ग्रॅमला ५०० मिलिलिटर.

धुऊन पूर्ण कोरडी केलेली पानं बारीक चिरा आणि चिरल्याबरोबर व्होडकात बुडवा. चिरलेली पानं हवेवर काळी पडतात. पानातली विकरं (एन्झाइम) जागी होऊन चिकोरिक आम्लासारखी द्रव्यं खायला लागतात. अल्कोहोल ती विकरं थोपवतं. काचेची बरणी काठोकाठ भरा, पान वर तरंगत राहायला नको. अंधारात दोन ते तीन आठवडे, रोज एकदा हलवून. मग मलमलीतून गाळा, पिळा, रात्रभर बसू द्या, वरचं स्वच्छ द्रव गडद बाटलीत ओता. बाटलीवर ‘ताजं पान, १:२, २८ टक्के’ असं लिहा. हे लिहिलं नाही तर सहा महिन्यांनी तुमचीही बाटली त्या बाजारातल्या मुक्या बाटलीसारखीच.

सर्जिकल स्पिरिट, सॅनिटायझर किंवा रंगकामाचं स्पिरिट यासाठी कधीही, थेंबभरही वापरायचं नाही. ते विषारी असतं आणि गाळून, उकळून, काही करून शुद्ध होत नाही.

आता मात्रा. त्या १७ जणांच्या प्रयोगातला अर्क १:१ होता, म्हणजे ८ मिलिलिटरमागे ८ ग्रॅम ताजं पान. आपला १:२ आहे. तेवढ्याच पानासाठी १६ मिलिलिटर लागेल, तीनदा मिळून ४८. त्यात शुद्ध अल्कोहोल साडेतेरा मिलिलिटर, साधारण साडेदहा ग्रॅम. एक छोटा पेग झाला, आणि तोही औषध म्हणून रोज! उलट ४ ग्रॅम सुक्या पानांचा एक कप चहा म्हणजे २७ ग्रॅम ताजं पान, अल्कोहोल शून्य. त्यामुळे घरगुती टिंक्चर, म्हणजे हा अल्कोहोलमधला अर्क, लघवीसाठी वापरायचं मी सुचवत नाही. जेवणाआधी एक चमचा, म्हणजे ५ मिलिलिटर, थोड्या पाण्यात मिसळून कडू पाचक म्हणून, एवढंच त्याचं काम. गाडी चालवायची असेल, पूर्वी दारूचं व्यसन असेल, मेट्रोनिडाझोल चालू असेल, तर तेवढंही नको.

रस

ताज्या पानांचा स्वरस ५ ते १० मिलिलिटर, दिवसातून दोनदा, अशी नोंदलेली मात्रा आहे. हा कच्चा असतो, म्हणून कुरणातल्या पानांचा मी काढत नाही. बाल्कनीतल्या कुंड्यांत बी पेरून वाढवलेल्या पानांचा काढते. थोडं पाणी घालून वाटायचं, फडक्यातून पिळायचं आणि लगेच प्यायचं. ठेवायचा नाही. दुकानातल्या बाटलीबंद रसाला उष्णता दिलेली असते. कुंड्या नसतील तर तो घ्या. अमेरिकेतल्या मैत्रिणींसाठी एक सूचना: भाजीबाजारात ‘डँडेलियन ग्रीन्स’ म्हणून मिळणारी उंच, सरळ देठांची जुडी बऱ्याचदा इटालियन चिकोरीची असते. भाजीला छान, पण वरची मात्रा तिला लागू नाही.

पानांची भाजी हा अर्क नव्हे, पण निरोगी माणसाला मी आधी तीच करायला सांगते. पानं मीठ घातलेल्या उकळत्या पाण्यात दोन मिनिटं ठेवून पिळली की कडूपणा निम्मा होतो. मग लसणाच्या फोडणीत भिजवलेली मूगडाळ, वरून ओलं खोबरं. काश्मीरमध्ये हीच पानं ‘हंद’ म्हणून खातात, हिवाळ्यासाठी वाळवून ठेवतात, बाळंतिणीलाही देतात, पण ती भाजी; अर्क त्यांनी टाळायचा तो टाळायचाच.

महाराष्ट्रात असाल तर

खरं डँडेलियन आपल्या उष्ण, सखल भागात सहसा दिसत नाही, ते हिमालयातलं. ऑनलाइन मागवत असाल तर पाकिटावर ‘लीफ’ आहे की ‘रूट’ ते आधी बघा. ‘डँडेलियन टी’ नावाने येणाऱ्या बऱ्याच पुड्यांत भाजलेलं मूळ असतं, आणि पानाबद्दल वर लिहिलेलं त्याला लागू होत नाही. कॅप्सूल असेल तर अर्काचं प्रमाण छापलेलं हवं: ‘४:१’ म्हणजे ४ ग्रॅम पानांचा १ ग्रॅम अर्क, तर ५०० मिलिग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये २ ग्रॅम पान. एक कप चहाच्या निम्मं. प्रमाण छापलेलंच नसेल तर पैसे वाचवा.

शेताच्या बांधावर, पाणी दिलेल्या वाफ्यात पाथरी उगवते ती याच गोतातली: तसाच पांढरा चीक, तशीच जमिनीलगतची पानं, तशीच पिवळी फुलं. आमच्याकडे ती कोवळी असताना कच्चीच, मीठ लावून भाकरीबरोबर खायचे, आणि दुभत्या जनावराला मुद्दाम घालायचे. ती जरूर खा, बाजारात आली तर विकत घ्या, मुलांना ओळखायला शिकवा. पण डँडेलियनच्या ग्रॅमचे आणि मिलिलिटरचे आकडे पाथरीला लावू नका. त्या मोजमापामागे पाथरीवरचं काम नाही. तिचा अर्क काढायची घाई नको. भाजी म्हणून ती पिढ्यान्‌पिढ्या खाल्ली गेलीय, आणि त्याच प्रमाणात, कोवळी, स्वच्छ धुऊन, तणनाशक न मारलेल्या रानातली खावी.